गडहिंग्लजहून हलणारा बाण

समस्त करवीरवासीयांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, राजारामपुरीतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, दातांचा दवाखाना आणि स्पर्धा परीक्षांचा क्लास यांच्यामध्ये दबून बसलेलं वधू-वर सूचक केंद्र आता रशिया, चीन आणि शिवाजी पेठ या तिन्ही ठिकाणच्या हॅकरांपासून पूर्णपणे सुरक्षित करण्यात आलेलं आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. ज्यांच्या मुलीला मंगळ आहे त्यांनी तर मुळीच घाबरू नये. ती गोष्ट आता फक्त त्यांना, केंद्राच्या मालकांना आणि बाकावर बसलेल्या सहा जणांनाच ठाऊक राहील.

ही ऐतिहासिक कामगिरी माझ्या हातून झाली. मी छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. म्हणजे वायरी जोडायच्या, व्हायरस काढायचे आणि "मी काहीच केलं न्हाई, आपोआप झालं" हे वाक्य चेहरा न बदलता ऐकून घ्यायचं. पंचवीस वर्षांत या धंद्यानं मला बंगला दिला नाही, पण माणसांना तुच्छ लेखण्याचा जो निर्भेळ आनंद दिला, तो एखाद्या न्यायाधीशालाही मिळत नसेल. वकील, डॉक्टर, बिल्डर, सगळे बाहेर वाघ असतात. प्रिंटरमध्ये कागद अडकला की माझ्यासमोर त्यांची शेळी होते.

या केंद्राचे मालक मात्र कागद अडकल्यावरही वाघच राहायचे, आणि म्हणून ते मला सगळ्यांत आवडायचे. एकोणीस वर्षं ते एकाच खुर्चीत बसत आले होते, आणि एकोणीस वर्षं त्यांच्यासमोर, त्यांच्याकडे पाठ करून, अक्का बसत आली होती. अक्का म्हणजे केंद्राची एकुलती एक नोकर. गडहिंग्लजची, चाळिशीची, बिनलग्नाची. तिकडच्या कानडी वळणानं सगळे तिला अक्काच म्हणायचे, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असलेले मालकसुद्धा. मालकांचं काम बोलणं. बाकीचं सगळं अक्काचं: फाईल तयार करणं, पत्रिका स्कॅन करणं, दोन्हीकडच्या भेटी ठरवणं, आणि मुख्य म्हणजे शेरा लिहिणं.

हा शेरा म्हणजे केंद्राचं गुप्तधन. प्रत्येक स्थळाच्या फाईलीला एक दाखवायची बाजू असते. ती निव्वळ कविता. 'मुलगी गृहकृत्यदक्ष.' 'मुलगा निर्व्यसनी.' त्याच्या खाली एक रकाना असतो, तो कुणालाच दाखवायचा नसतो. कुठून नकार आला की अक्का त्या घरी फोन करायची आणि शांतपणे विचारायची, "खरं कारण काय वो?" आणि आपल्याकडची माणसं खरं कारण सांगायला अजिबात लाजत नाहीत. "पोरगी बरी हाय, पर आई पावण्यांच्या चहात साखर मोजून घालतीया." "पोरगं गुणाचं, पर आम्ही बसलेलो असताना दोनदा पंख्याचं बटण बंद केलं." हे सगळं शेऱ्यात जायचं. पुढचं स्थळ सुचवताना अक्का आधी तो रकाना वाचायची. त्या केंद्रातून जी लग्नं जमली ती कवितेमुळं नव्हे, शेऱ्यामुळं जमली. मालकांना मात्र ती आपल्या बोलण्यामुळं जमली असं वाटायचं. माणसाला काहीतरी वाटू द्यावं.

यंदा पावसाच्या तोंडावर अक्काची आई घरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. अक्का गडहिंग्लजला गेली ती तिथंच अडकली. भाऊ बेंगळुरात. तो रोज फोनवरून मनापासून काळजी करायचा, एवढाच त्याचा उपयोग. मग मला तिचा फोन आला.

"दादा, अव्वाला उठवून बसवाय माणूस लागतंय. मी तिकडं येऊ शकत न्हाई. आणि नोकरी गेली तर आम्ही दोघींनी खायचं काय? घरात बसून हापिसचा कॉम्प्युटर चालवता येतोय म्हणं. मी सगळं काम करतो की हितनं. मालकांना तुम्ही सांगा, माझं ऐकायचे न्हाईत."

आमच्याकडच्या बायका 'मी करतो', 'मी येतो' असंच म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी त्याची काळजी करू नये.

मी मालकांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे बारीक केले.

"म्हंजे कॉम्प्युटर तिकडं न्यायचा?"

"न्हाई. कॉम्प्युटर इथंच. अक्का तिकडं माऊस हलवणार, इथं बाण हलणार."

"आणि मधल्या रस्त्यात कोण घुसलं तर?"

मालकांना जगात दोन शत्रू होते. एक रशियातला किंवा चीनमधला हॅकर, जो त्यांनी टीव्हीवर पाहिला होता. दुसरा त्यांचाच जुना मित्र, ज्यानं शिवाजी पेठेत नवं केंद्र उघडलं होतं. हे दोघं मिळून आपली स्थळं पळवतील अशी त्यांना धास्ती होती. रशियातला माणूस चंदगडकडच्या बी.एस्सी. ॲग्री मुलाची पत्रिका नेऊन काय करणार होता, हे मी विचारलं नाही. भीतीला कारण विचारलं की ती आणखी फुगते. एवढं घाबरणाऱ्या या माणसाच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड तोवर कुठं होता, ते सांगतो. तो मॉनिटरच्या कडेला कागदावर लिहून चिकटवलेला होता, आणि अक्षरं पुसली जाऊ नयेत म्हणून वरून सेलोटेप लावलेली होती.

मी दोन दिवस राबलो. राउटरचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता, तो बदलला. ऑफिस ते गडहिंग्लज व्हीपीएन टाकला. म्हणजे हमरस्त्याऐवजी एक खासगी बोगदा, ज्यातून फक्त अक्काचा लॅपटॉप ये-जा करू शकतो. वर लांबलचक पासवर्ड. त्याच्यावर तिच्या मोबाईलवर दर वेळी नवा कोड. पाच वेळा चुकलं की दार बंद. आणि सगळ्यांत देखणी गोष्ट अशी की, अक्का तिकडून आत आली की इकडच्या स्क्रीनला आपोआप कुलूप लागायचं. ऑफिसात बसलेल्याला फक्त डोंगराचं एक चित्र आणि घड्याळ दिसायचं. आत काय चाललंय ते कुणाला कळायचं नाही. अक्काला मी एकच नियम पाठ करायला लावला: माऊस स्वतःहून हलायला लागला तर समजायचं, कुणीतरी आत शिरलंय. त्याच्याशी झटापट करत बसायचं नाही. कनेक्शन तोडायचं आणि मला फोन करायचा.

"पंधरा दिवस बघतो," मालक म्हणाले. "जमलं तर जमलं. न्हाईतर अक्कानं यावं, न्हाईतर मी दुसरी बघतो."

'दुसरी बघतो' हे त्यांनी एखादं स्थळ नाकारल्यासारखं म्हटलं.

तिसऱ्याच दिवशी त्यांचा फोन. "इंजिनियर, या. तुमचं यंत्र बंद पडलंय."

गेलो. स्क्रीनवर डोंगर. डोंगरावर घड्याळ. मालक त्याच्याकडं असे बघत बसले होते, जसं कुणी उसनं भांडं घेऊन गेलेल्या शेजारणीच्या दाराकडं बघावं.

"बंद न्हाई. कुलूप लागलंय. अक्का आत काम कराय लागल्यात."

"कशावरून?"

मी दिवसभराच्या फाईलींची यादी काढून दाखवली. चौतीस फाईली सुधारलेल्या, अकरा भेटी ठरवलेल्या. अक्का ऑफिसात असतानासुद्धा एवढं काम होत नव्हतं, कारण तिथं निम्मा वेळ मालकांचं बोलणं ऐकण्यात जायचा. मालकांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि एक वाक्य बोलले. ते मी माझ्या दुकानात फ्रेम करून लावणार आहे.

"झालंय खरं. पर दिसलं न्हाई."

तेव्हा मला उलगडा झाला. एकोणीस वर्षं या माणसानं काम पाहिलंच नव्हतं. त्यानं पाठ पाहिली होती. समोर पाठ दिसली की काम चाललंय, पाठ नाही तर काम नाही. आता पाठ गडहिंग्लजला होती, त्यामुळं त्यांचा जीव कासावीस झाला होता. ते दर दहा मिनिटांनी अक्काला फोन करून "काय कराय लागलीस?" विचारायचे, आणि ती बिचारी एका हातानं आईला धरून दुसऱ्या हातानं फोन धरून "काम" म्हणून सांगायची.

"मला दिसाय पायजे," मालक म्हणाले. "तिकडं बाण हलला की हितं हलताना दिसाय पायजे. तुम्हास्नी जमत नसंल तर सांगा, मी अक्काला उद्याच्या गाडीनं बोलावतो."

मी त्यांना तसं करून दिलं. बोगदा तसाच ठेवला, कोड तसेच ठेवले, फक्त शेवटचं दार काचेचं केलं. दुसरं एक सॉफ्टवेअर टाकलं, ज्यात तिकडं जे घडेल ते इथं जसंच्या तसं दिसतं. अक्काला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "मालकांना दिसू दे की. शेरा कसा लिहायचा ते त्यांनीच शिकवलंय."

निघताना मी मालकांना विचारलं होतं, "हा स्क्रीन आणखी कुणाला दिसणार?"

"मलाच की. आणि कुणाला?"

समोर भिंतीला लागून एक लांब बाक होता. त्यावर सहा माणसं चहा पीत बसली होती. मी त्या सहा जणांकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, आणि डायरीत 'काम पूर्ण' असं लिहिलं. शेजारच्या दवाखान्यात दाताच्या एक्स-रेचं मशीन माझी वाट बघत होतं. इतरांच्या मूर्खपणावर मी मोठमोठी भाषणं देतो, पण त्या दिवशी त्या ऑफिसातला सगळ्यांत मोठा मूर्ख दार ओढून बाहेर पडला आणि जिन्यावर शीळ घालत खाली उतरला.

पुढचे दहा दिवस ते केंद्र म्हणजे एक नाट्यगृह झालं. मालकांनी मॉनिटर फिरवून बाकाकडं तोंड करून ठेवला. आलेल्या प्रत्येकाला ते दाखवायचे, "बघा पावणं! अक्का गडहिंग्लजात बसलीया, आणि बाण हितं हलाय लागलाय." लोक बघायचे. क्लासची पोरं आत यायची. दातांचे पेशंट गाल धरून यायचे. खुर्ची रिकामी, माऊस जागच्या जागी, आणि पडद्यावर बाण आपला तुरुतुरु चाललाय. एका म्हाताऱ्या गृहस्थानं बाणाला नमस्कार केला. दुसऱ्यानं पडद्याजवळ तोंड नेऊन "अक्का, जेवलासा काय?" असं ओरडून विचारलं आणि उत्तर आलं नाही म्हणून तो रुसून बसला.

आणि अक्का तिकडं एकटी बसून, मालकांशिवाय कुणी बघत नाही या विश्वासानं, जिल्ह्यातल्या घराघरांचे शेरे लिहीत होती. बाकावरच्यांना दहाही दिवस ते वाचायचं सुचलंच नाही. ते बाणच बघत होते. माणसं किती बिनडोक असतात हे कधी कधी समाजाच्या हिताचं ठरतं.

चौदाव्या दिवशी शनिवार होता. दवाखान्यातलं एक्स-रे मशीन पुन्हा बिघडलं होतं म्हणून मी त्याच मजल्यावर होतो, आणि ते दुरुस्त झाल्यावर आपलं काचेचं दार कसं चाललंय ते बघावं म्हणून आत डोकावलो. बाकावर त्या दिवशी दोघंच होते. एक पी.टी.चे निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. मास्तरांना मी आधीही तिथं पाहिलं होतं. मुलासाठी ते वर्षभर खेपा घालत होते. मुलगा फाउंड्रीत इंजिनियर. शनिवारीही कामावर. मास्तर निवृत्त झाले होते, पण त्यांची शिट्टी गळ्यात राहून गेली असावी. साधं "पाणी द्या" म्हणाले तरी समोरचा माणूस ताठ उभा राहायचा. बायको त्यांच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसायची. तिचा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता.

"पाचवा नकार!" मास्तर गरजत होते. "पाचवा! पोराला काय कमी हाय? सहा फूट उंची हाय, पगार हाय, सुपारीच्या खांडाचंबी व्यसन न्हाई. आताच्या पोरींची डोस्की फिरल्यात, दुसरं काय न्हाई!"

"तसंच हाय," मालक म्हणाले. कारण मालक सगळ्यांनाच 'तसंच हाय' म्हणतात. मग त्यांना एक दुर्बुद्धी झाली. त्यांना मिरवायचं होतं. "थांबा, अक्का आता तुमचीच फाईल उघडतीया. समोर बघा. आपल्याकडं सगळं लाईव्ह असतंय!"

बाण सरकला. फाईल उघडली. वर मुलाचा फोटो, खाली रकाना. आणि त्या रकान्यात गडहिंग्लजहून एकेक अक्षर उमटायला लागलं.

मास्तरांना आयुष्यभर हजेरी मोठ्यानं वाचायची सवय. ते मोठ्यानं वाचायला लागले.

"मुलगा शांत... निर्व्यसनी... समंजस." त्यांनी आमच्याकडं विजयी नजरेनं पाहिलं. "बघा! लिवलंय ते!" मग पुढं. "नकार पाचवा... कारण... वडील."

माणूस उतारावर धावत असला की एकदम थांबत नाही. मास्तरही थांबले नाहीत.

"भेटीत वडील मुलाला... एकही वाक्य... पूर्ण करू देत नाहीत. मुलीनं मुलाला विचारलं... तुम्हाला काय आवडतं... उत्तर वडिलांनी दिलं." मास्तरांचा आवाज आता शिट्टीतल्या गोटीसारखा घरघरत होता. "आधीचे चारही नकार... याच कारणानं. सूचना... पुढच्या भेटीला वडिलांना आणू नये."

इथं बाण क्षणभर थांबला. मागं गेला. 'वडिलांना'च्या आधी एक शब्द घातला. आता वाक्य झालं: 'पुढच्या भेटीला कृपया वडिलांना आणू नये.'

त्या 'कृपया'नं मला संपवलं. मी तोंडावर रुमाल धरून दातांच्या पेशंटसारखा उभा राहिलो.

मास्तर उठले. मालकही उठले आणि झेप घेऊन माऊसवर पडले. त्यांना ते वाक्य खोडायचं होतं. त्यांनी बाण डावीकडं ओढला. तिकडं अक्कानं तो उजवीकडं नेला. मालकांनी खाली नेला, तो वर गेला. सगळ्या जिल्ह्याची लग्नं जमवणारा तो बाण आता तालमीतल्या पैलवानासारखा पडद्यावर लोळण घेत होता. मग एकदम सगळं शांत झालं. वाक्य तिथंच राहिलं, 'कृपया'सकट, आणि माझा फोन वाजला.

"दादा!" अक्का घाबरलेली होती. "माऊस आपोआप पळाय लागला होता. कोणतरी आत शिरलंय! तुम्ही सांगितलंय तसं मी कनेक्शन तोडून टाकलं."

माझ्या सगळ्या सुरक्षा व्यवस्थेनं त्या पंधरवड्यात पकडलेला हा एकमेव घुसखोर. तो माझ्यासमोर घाम पुसत उभा होता.

"हॅकर न्हाई, अक्का," मी म्हणालो. "मालक हायत."

"ही बाई कोण सांगणार मला?" मास्तर माझ्या फोनकडं बोट रोखून ओरडले. "आमच्या घरातलं चव्हाट्यावर मांडतीया! हिला आत्ताच्या आत्ता काढा, न्हाईतर मी खाली रस्त्यावर उभा राहून सांगतो, हितं काय चालतंय ते!"

मालकांचा चेहरा पांढरा पडला. एका वाक्यात रशिया, चीन आणि शिवाजी पेठ तिघंही त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले असावेत. मॉनिटर बाकाकडं त्यांनीच फिरवला होता, काचेचं दार मी बसवलं होतं, आणि शिक्षा व्हायची होती ती या दोघांपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब बसलेल्या बाईला. हा न्याय मला नवीन नव्हता. नवीन एवढंच की, या वेळी मला हसू आलं नाही. मी तोंड उघडलं, "चूक माझी हाय" म्हणणार होतो, पण मालकांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. स्पीकर चालूच होता. पलीकडून अक्काची आई कानडीत काहीतरी मागत होती, आणि अक्का तिला "थांब अव्वा, आलो" म्हणत होती.

"अक्का," मालक घसा साफ करून म्हणाले, "सोमवारपासनं तू..."

ते वाक्य तेवढंच राहिलं. ते आजही तेवढंच आहे. अक्का गडहिंग्लजातूनच काम करते. अव्वा काठी धरून परसापर्यंत जाते. स्क्रीनवर पुन्हा डोंगर आणि घड्याळ आलंय, आणि मालक दिवसभर त्या डोंगराकडं बघत बसतात. यातलं काहीही माझ्या बोगद्यानं किंवा कोडानं घडवलं नाही. त्या क्षणी बाकावर पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला, मास्तरांची बायको उभी राहिली, आणि तिच्या तोंडून एका दमात, दवाखान्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात निघून गेलं:

"तिला काडायची बात करू नगासा! तीस वर्सं मी जे सांगाय बगतोय, ते तिनं लांब बसून लिवलं की वो! पुढच्या बारीला पोराला घिऊन मी एकटा येतो, आणि ह्यास्नी घरात बसवून भाईरनं कडी घालतो!"